डावी आत, उजवी वर

आमच्या हातमाग मंडळात नवीन माणूस आलं की त्याला आधी घडी घालायला शिकवतात, विणायला नंतर. मोठ्या मागावर विणलेला पंचा टेबलावर उभा पसरायचा, डावी बाजू आधी आत दुमडायची, तिच्यावर उजवी आणायची आणि मग खालून वर घडी करत न्यायची. डावी आत, उजवी वर. नवीन माणूस विचारतं, असंच का? तेव्हा आम्ही म्हणतो, पद्धत आहे. अठरा वर्षांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल देव जाणे. खरं उत्तर मी त्यांना दरवाजाबाहेर नेऊन, हळू आवाजात दिलं, आणि वर बजावलं की काकांपुढे तोंड उघडायचं नाही.

खरं उत्तर असं होतं. कापडाच्या डाव्या काठापासून वीतभर आत एक जाड रेघ होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मागाला फणी असते, लांबलचक कंगव्यासारखी. तिच्या प्रत्येक फटीला घर म्हणतात आणि प्रत्येक घरातून ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, दोन धागे जातात. आमच्या फणीत एका घरातून तीन गेले होते. ती फणी भरली होती काकांनी, मंडळ सुरू झालं तेव्हा.

एकदा झालेली चूक अठरा वर्षं कशी राहते, असं कोणालाही वाटेल. त्याचं कारण आमची सांधणी. ताणा संपला की आम्ही तो पूर्ण काढून टाकत नाही. जुन्या धाग्यांची हातभर शेपटं फणीतच ठेवतो आणि एकेका शेपटाला नव्या ताण्याचा एकेक धागा बांधतो. सातशेच्या वर गाठी होतात. मग हलकेच ओढलं की नवे धागे जुन्यांच्या मागोमाग आपापल्या घरातून निघून येतात आणि फणी पुन्हा भरायचा त्रास वाचतो. अशी एकदा भरलेली फणी चालत राहिली आणि तिच्याबरोबर तो तिसरा धागाही चालत राहिला.

मंडळ हा शब्द ऐकून फार काही डोळ्यांसमोर आणू नये. लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावरची खोली, एक मोठा माग, चार लहान, एक लोखंडी कपाट आणि मी. नावं यादीत तीसेक होती, येणारी माणसं पाच-सहा. बाकीची मोबाईलवर कोणाचा तरी व्हिडिओ बघून यायची, महिनाभर विणायची, मागासोबत फोटो काढायची आणि मग त्यांच्या पाठीत उसण भरायची. मी चिटणीस. टेलिफोन खात्यातली नोकरी सुटली तरी हे सुटलं नाही. तीनदा राजीनामा दिला. पहिल्यांदा सगळे रडले. दुसऱ्यांदा चहा मागवला. तिसऱ्यांदा कोणीतरी म्हणालं, "ते ठीक आहे, पण पंख्याचं काय झालंय ते जरा बघा ना." मी पंख्याचं बघितलं.

मी दमले होते, हे सरळ लिहून टाकते. गुडघ्यांनी, किल्ल्यांनी, "मावशी, सूत संपलं"ने, प्रदर्शनाच्या टेबलामागे दिवसभर बसून "हे मशीनवरचं का हो?" ऐकण्याने. दमलेलं माणूस वाईट नसतं, पण ते सोपा रस्ता शोधतं. पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

काकांबद्दल सांगायला हवं. वय ऐंशीच्या पुढे. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, विणकर होते. संपानंतर ते गेलं. मग वॉचमनकी, मग एका प्रेसमध्ये बांधणी, असं करत आयुष्य काढलं. आमचं मंडळ निघालं तेव्हा त्यांनी स्वतःहून येऊन विचारलं होतं, "माग आहे म्हणतात तुमच्याकडे. बघू?" दहा मिनिटं माग हाताने चाचपून बघितला. दुसऱ्या दिवशी आले ते फणी भरायलाच बसले. दोन दिवस बसून सगळे धागे एकेका घरातून ओढले. मी शेजारी बसून धागे हातात देत होते. त्यांचे डोळे तेव्हाच जायला लागले होते, पण ते आम्हाला ठाऊक नव्हतं. त्याच महिन्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला.

पहिला पंचा उतरला तेव्हा रेघ मला दिसली. दिसेलच, आंधळ्याला दिसावी एवढी जाड होती. पण त्याच सकाळी काका डॉक्टरांकडून आले होते आणि खिडकीशी उभे राहून स्वतःचा हात डोळ्यांसमोर पुढेमागे करत होते. मी म्हटलं, आज नको, पुढच्या शनिवारी सांगू. पंच्याची घडी घातली, डावी आत, उजवी वर, आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी घडी उलगडून अंगठा फिरवला आणि "बरं झालंय" एवढंच म्हणाले. पुढच्या शनिवारी दुसरं काहीतरी निघालं. मग ती पद्धतच झाली.

दर शनिवारी काका यायचे. मोठ्या मागाशेजारी एक लाकडी स्टूल होतं, त्यावर बसायचे आणि आठवड्यात ज्यांनी ज्यांनी विणलं त्यांचं कापड मांडीवर घ्यायचे. अंगठा चालत जायचा आणि थांबायचा. गिरगावहून येणाऱ्या एक निवृत्त चित्रकला शिक्षिका आहेत आमच्यात, फार नीटनेटक्या. त्यांना ते म्हणायचे, "बाई, इथं हात जड पडला तुमचा. घरी भांडण झालं काय?" त्या लाजून म्हणायच्या, "झालं होतं थोडंसं." लोअर परळला एका ऑफिसात काम करणारी तिशीची मुलगी येते, तिला तर ते सोडतच नसत. "ए पोरी, मोबाईल बघत विणलंस ना? दोन आडवे धागे सुटलेत." "काका, तुम्ही ना, सीसीटीव्ही आहात एकदम," ती म्हणायची आणि उसवायला बसायची. कोणाची चूक त्यांनी झाकली नाही. डाव्या बाजूच्या वीतभर आतल्या जागेवरून मात्र त्यांचा अंगठा नेहमी न थांबता पुढे जायचा. आम्हाला वाटायचं, बोटांनाही वय झालं. देवाची कृपा म्हणायची, दुसरं काय.

मग चाळ पाडायचं ठरलं. भाडेकरूंना वर टॉवरात घरं मिळणार, मंडळाला काहीच नाही, कारण खोली कोणाची तरी आम्हाला वापरायला दिलेली. परळला एका वाचनालयाच्या मागची खोली मिळाली, अर्ध्या आकाराची. सामान हलवायचं माझ्यावर आलं, जसं सगळं येतं. त्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला मोतीबिंदू सांगितला. मी म्हटलं, आधी हे हलवून होऊ दे, मग बघू.

मोठा माग हलवायच्या दोन रीती. एक म्हणजे फणी आणि धागे धरणाऱ्या चौकटी, धाग्यांसकट, चादरीत अलगद गुंडाळून न्यायच्या. दोन माणसांचा दिवस जातो आणि जीव टांगणीला लागतो. दुसरी म्हणजे कात्री. मी कात्री म्हटलं.

"मग फणी नव्याने भरावी लागेल," गिरगावच्या बाई म्हणाल्या.

"भरू. त्या निमित्ताने ती रेघ तरी जाईल."

"आणि काकांना काय सांगायचं?"

"हमालांच्या हातून तुटलं म्हणायचं."

"हे काही बरं दिसत नाही," त्या म्हणाल्या, पण चौकट त्यांनीच धरली. मी धागे कापले. कापताना वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. अठरा वर्षं सांभाळलेली एक गोष्ट आता सांभाळायला नको, हाच विचार मनात होता. एक खोटं मिटवायला मी दुसरं बोलणार होते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

नव्या खोलीतल्या पहिल्या शनिवारी काका आले. करी रोडला त्यांच्या जुन्या चाळीच्या जागी टॉवर झालाय, त्यात बाविसाव्या मजल्यावर मुलाकडे राहतात. सुनेने टॅक्सीने आणून सोडलं. काठीने खोलीचं माप घेतलं, स्टूल शोधून बसले.

"काका, हमालांनी घोळ घातला," मी म्हटलं. "ताणा तुटला सगळा. फणी परत भरावी लागणार."

"असं?" ते म्हणाले. "आण बघू फणी इकडे."

फणी मांडीवर आडवी घेतली. तीत अजून कापलेल्या धाग्यांची शेपटं लोंबत होती. त्यांनी टोकांवरून अंगठा फिरवला, एकदा जाताना, एकदा येताना.

"तुटलेला धागा असा नसतो," ते म्हणाले. "तुटला की टोक पिंजतं. एक लांब, एक आखूड होतं. ही सगळी एका मापाची आहेत. कात्रीनं कापलंय."

मग त्यांचा अंगठा फणीच्या डाव्या कडेपासून आत सरकत गेला आणि एका घरावर थांबला.

"ह्याच्यासाठी कापलंत ना?"

मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिला पंचा हातात दिलास तेव्हाच. अंगठ्याला काचबिंदू होत नाही, चिटणीस."

"मग बोलला का नाहीत?"

"चूक माझी. मी कशाला बोलू? जो बघतो त्यानं बोलायचं असतं. मी वाट बघत होतो. म्हटलं आज सांगतील. नाही तर पुढच्या शनिवारी सांगतील."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती मला आधीपासून ठाऊक होती आणि तरी सुचली नव्हती. पूर्वी गिरणीत धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी होडीच्या, भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. एकाच धोट्याला चार जणांचे ओठ लागणार, म्हणून दलित माणसाला साच्यावर घ्यायला बाकीचे तयार नसायचे. त्याची जागा सुताच्या खात्यात. माझे वडीलही साचेखात्यातच होते, दुसऱ्या गिरणीत. सावंतवाडीकडची माणसं आम्ही. वडिलांच्या तोंडून मी ते लहानपणी जेवताना ऐकलेलं आहे, अगदी साध्या आवाजात, आमटी वाढ म्हणावं तसं. आणि काका त्या दुसऱ्या बाजूचे होते. रिंगखात्यात, म्हणजे त्या सुताच्या खात्यात, बरीच वर्षं काढून, भांडून, साच्यावर आलेले.

"मी साच्यावर आलो ना," काका फणी मांडीवर तशीच ठेवून बोलत होते, "तेव्हा चार वर्षं मला कोणी चूक सांगितली नाही. माझा धागा जायचा, कापडात फट पडत जायची. शेजारचा बघायचा आणि मान फिरवायचा. त्यांच्यातल्या कोणाचा गेला तर अख्ख्या खात्यात बोंब. मला काही नाही. शिवी पण नाही. मग एक दिवस शेजारचा ओरडला, 'ए आंधळ्या, धागा गेला तुझा, बघ!' त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज मी साच्यावर लागलो."

त्यांनी फणी माझ्याकडे सरकवली.

"तुम्ही अठरा वर्षं मान फिरवलीत. वर घडी घातलीत. मग मी या स्टुलावर कोण म्हणून बसत होतो?"

"काका, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून," ऑफिसवाली मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ते कळतंय मला. पण लागतं तिथंच लागतं गं," ते म्हणाले, आणि सुनेला फोन लावायला सांगितलं. टॅक्सी येईपर्यंत ते दारात उभे राहिले, आत बसले नाहीत.

त्यानंतर ते येईनात. एक शनिवार, दोन, तीन. मी फोन केला की सून म्हणायची, झोपलेत, किंवा पाय दुखतोय. ती बिचारी खोटं बोलतेय हे तिच्या आवाजावरून कळायचं, आणि खोटं ओळखण्यात मी आता तरबेज झाले होते. ते स्टूल नव्या खोलीत सारखं पायात यायचं. एकदा मी ते कपाटामागे सरकवलं आणि अर्ध्या तासाने परत आणून ठेवलं. या मंडळात एकच माणूस असा होता ज्याने मला कधी "तुम्हीच बघा ना" म्हटलं नव्हतं. त्याचं इथलं बसणं मी मोडलं होतं. ते परत यावेत यापलीकडे मला काही नको होतं, राजीनामासुद्धा नको होता.

मी ठरवलं, फणी स्वतः भरायची. चोख. त्यावर पंचा विणून घ्यायचा आणि तो घेऊन त्यांच्या दारात जायचं, माफी मागायची. मुलगी म्हणाली, मी भरते. मी म्हटलं, तू धागे दे. ऑफिस सुटल्यावर ती यायची, दोनदोन धागे माझ्या बोटांत द्यायची, मी आकडीने घरातून ओढून घ्यायचे. ट्यूबलाइटभोवती मला गोल कडं दिसायचं आणि घरं एकमेकांत मिसळायची. मी डोळे पुसायचे आणि पुढे जायचे. चार दिवस लागले. मान वळेना, पण झालं.

तीन पंचे निघाले. मुलीने विणले. गिरगावच्या बाईंनी घड्या घालून कपाटात ठेवले. "छान झालंय हो," त्या म्हणाल्या. "सुरेख," मुलगी म्हणाली. मी डाव्या बाजूला, जिथे रेघ असायची तिथे, हात फिरवून बघितलं. काही नव्हतं. मला रडूच यायचं बाकी होतं. एक पंचा पिशवीत घालून मी करी रोडला गेले.

दार सुनेने उघडलं. काका खिडकीशी बसले होते. मी काय बोलायचं ते लिफ्टमध्ये पाठ केलं होतं, ते सगळं विसरले आणि पंचा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी घडी उलगडली. अंगठा डावीकडून निघाला. जुन्या जागेवर थांबला, तिथे पुढेमागे झाला.

"गेली," ते म्हणाले.

"काका, मी..."

"थांब." अंगठा पुढे निघाला होता. मध्यावरून उजवीकडे गेला आणि पुन्हा थांबला. या खेपेला जास्त वेळ.

"हे काय? उठ. उजेडात धर."

मी पंचा खिडकीवर धरला. बाविसाव्या मजल्यावर उजेडाला तोटा नाही. डोळे बारीक केल्यावर दिसलं. उजव्या बाजूला, काठापासून चार बोटांवर, कापड विरळ होतं. केसाएवढी उजेडाची फट वरपासून खालपर्यंत गेली होती. फणीतलं एक घर रिकामं राहिलं होतं.

"कोणी भरली?"

"मी."

"आणि कोणी सांगितलं नाही?"

"नाही," मी म्हटलं. "कोणाला दिसलं नसेल."

काकांनी हात पुढे केला. पंचा परत घेतला आणि मांडीवर ठेवला. त्यांना हसायचा पूर्ण हक्क होता. ते हसले नाहीत, आणि मला ते जास्त लागलं.

"दमलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"लय?"

"हो काका." आणि मी रडले. साठीच्या बाईने परक्याच्या घरात सुनेसमोर रडावं तसं, पदर तोंडात धरून. अठरा वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

त्यांनी समजूत घातली नाही. सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी नाक पुसून, पाठ केलेलं वाक्य एकदाचं बोलले, की मी चुकले, तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "हं. हवं होतं." मग चहा आला.

"फणी उपस," कप खाली ठेवून ते म्हणाले. "सगळी नको. रिकाम्या घरापासून उजवीकडची. शनिवारी मी येतो."

तिथून मी तशीच परळला गेले. खोली उघडली, कपाट उघडलं. उरलेले दोन पंचे बाहेर काढून टेबलावर ठेवले. मग हळूच, जशी घातली होती तशीच, एक घडी उलगडली. आधी वरची बाजू उचलली. ती डावी होती. तिच्याखाली, आत, उजवी. दुसरा पंचा उलगडला. तोही तसाच. उजवी आत, डावी वर. अठरा वर्षांत आमच्या मंडळात अशी घडी कोणी घातली नव्हती. मी खुर्ची ओढून बसले.

दिसलं होतं त्यांना. काकांचं सगळं बोलणं ऐकून, रडून, महिना व्हायच्या आत त्यांनी तेच केलं होतं. आणि या वेळी घडीच्या आत मी होते. मला आधी राग आला, मग लाज वाटली, मग काकांनी दारात उभं राहून काढलेली ती पंधरा मिनिटं मला पहिल्यांदा कळली. मला वाटत होतं मी ती आधीच समजले आहे.

शनिवारी गिरगावच्या बाईंना आणि मुलीला मी ते पंचे दाखवले. तोंड उघडायला मला जागाच नव्हती, त्यामुळे ओरडले नाही. "कोणी घातली ही घडी?" एवढंच विचारलं.

बाई खाली बघत म्हणाल्या, "मी. तुम्ही चार दिवस मान मोडून भरली होतीत. आणि खरं सांगू? वाटलं, सांगितलं तर तुम्ही या वेळी खरंच सोडून जाल."

"मावशी, तुम्ही आधीच इतक्या दमला होता ना," मुलगी म्हणाली. "मी धागे देत होते, मला तेव्हाच दिसलं होतं. पण कसं बोलणार?"

तेवढ्यात काठी वाजली. काका आत आले, स्टूल शोधून बसले. टेबलावरच्या पंच्यांवर हात फिरवला, घडीच्या खुणा चाचपल्या, आणि त्यांना काय ते समजलं. "चला, बसा," म्हणाले.

आम्ही कापड सोडवलं आणि रिकाम्या घरापासून उजवीकडचे धागे फणीतून बाहेर काढले. तिथून नव्याने भरायला मी बसले. मुलगी धागे देत होती. बाईंनी दिवा जवळ आणून धरला. काका ऐकत होते, आकडी घरातून निघाली की बारीक आवाज होतो तो. तासभर असंच चाललं. माझी मान पुन्हा धरली होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि मनात एकच चाललं होतं की हे कधी एकदा संपतंय.

"मावशी," मुलगी पुटपुटली. "एक मिनिट. त्या घरात तीन गेले."

मला राग आला. खराखुरा, सणसणीत. "नीट बघ," मी म्हटलं.

"बघितलं. तीनच आहेत." तिचा आवाज इतका खाली गेला होता की पुढचं मला नीट ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोल गं," काका स्टुलावरून म्हणाले. "साचेखात्यात असं कुजबुजून चालत नाही."

मुलीने माझ्याकडे बघितलं. घाबरली होती. मग दम घेऊन, वाचनालयातल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चुकलंय तुमचं, मावशी! तीन गेलेत!"

मी वाकून, डोळे बारीक करून बघितलं. तीन होते. मी तिसरा बाहेर ओढला.